फासकी, रानडुक्कर आणि दिरांच्या घरातली बंदूक

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचा आणि नात्यांचा काही तपशील बदलला आहे.

पतीच्या निधनाला चार वर्षे झाली. मुलगा नोकरीनिमित्त मुंबईला असतो. अडीच एकर भातशेती आणि वरकस जमिनीतील काजूची बाग त्या एकट्या सांभाळतात. भात पोटरीला, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात, आले की रात्री रानडुकरांचे कळप शेतात उतरतात. गेल्या वर्षी मळणीला निम्मेही भात हाती लागले नाही. वाडीत पारधीला जाणाऱ्यांचा एक गट असून त्यांचे चुलत दीर त्याचे पुढारी आहेत. 'तुमच्या शेतासाठीच आम्ही डुक्कर मारतो' असे सांगून ही मंडळी बागेतून कुत्री घेऊन फिरतात, कुंपणाच्या कडेने तारेच्या फासक्या लावतात आणि डुक्कर पडले की मांसाचा एक वाटा या भगिनींच्या घरी पोचवतात. असा वाटा शेवटचा आला तो शिमग्याच्या आधी. गेल्या महिन्यात बागेच्या टोकाला ओहोळाजवळ अशाच एका फासकीत अडकून बिबट्या मेला. वनरक्षक दोनदा घरी येऊन गेले आणि आता कार्यालयात जबाबासाठी बोलावणे आले आहे. दीर म्हणतात, 'काही माहीत नाही म्हणून सांग. उद्या डुक्कर आले तर खात्याची माणसे राखणीला येणार आहेत का?' खात्याचा माणूस म्हणतो, 'जमीन तुमची, तर जबाबदारीही तुमचीच.' त्या विचारतात: खरे सांगितले तर वाडीत राहायचे कसे? नाही सांगितले तर मीच अडकणार का? आणि माझ्याच शेतात शिरलेल्या डुकराचे काय करायचे, हे ठरवायचा अधिकार मला का नाही? पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: 'यजमानांची ठासणीची बंदूक ते गेल्यापासून दिरांकडेच असते, तीच ते राखणीला नेतात.'

ताई, चार पाने लिहून झाल्यावर जाता जाता लिहिलेल्या त्या शेवटच्या ओळीपासूनच मी सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे आणि तुम्हाला ती तशी वाटलेली दिसत नाही.

बंदुकीचा परवाना तुमच्या यजमानांच्या नावावर होता. ते गेले त्या दिवसापासून ती बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार कोणालाच उरला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अशी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि मग वारसांपैकी कोणाला ती स्वतःच्या नावावर हवी असेल तर त्याने रीतसर अर्ज करायचा असतो. दुःखाच्या दिवसांत हे कोणाच्या लक्षात राहत नाही, हे मी समजू शकते. पण चार वर्षे ती बंदूक दुसऱ्याच्या हातात आहे, ती रात्री रानात जाते, आणि ठाण्याच्या नोंदीत तिच्यापुढे आजही तुमच्या यजमानांचे नाव आणि तुमच्या घराचा पत्ता असणार. पारधीत सावज समजून साथीदारालाच गोळी लागल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येतात. असे काही त्या बंदुकीने घडले तर पहिले विचारायला पोलीस तुमच्याच पडवीत येतील.

मधल्या काळात लोकसभेची आणि विधानसभेची निवडणूक होऊन गेली. आचारसंहितेच्या काळात परवान्याच्या बंदुका सहसा ठाण्यात जमा करून घेतल्या जातात, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या वेळी ही बंदूक कोणी नेऊन दिली, कोणाच्या सहीने परत आणली, की ती जमा झालीच नाही, याची आधी शांतपणे माहिती घ्या. मग वकिलांच्या सल्ल्याने, परवान्याची प्रत आणि मृत्यूचा दाखला जोडून, बंदूक जमा करण्याचा अर्ज तयार करा. वकिलाचा खर्च ही अडचण असेल तर तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना तेथे मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही. दिरांना हे आधी सांगावे की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेल. माझ्या मते सांगावे. मुलाला मुंबईहून बोलावून, घरातील एखाद्या ज्येष्ठ माणसासमोर सांगावे. बंदूक ठाण्यात गेली म्हणजे घरातून कायमची गेली असेही नाही. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद शस्त्र कायद्यातच आहे. मुलगा गावी राहून शेती करणार असेल तर तो अर्ज करू शकतो, आणि दिरांना राखणीसाठी बंदूक हवी असेल तर त्यांनीही ती स्वतःच्या नावावरच मागितली पाहिजे.

आता जबाबाविषयी. तुमच्या पत्रात सगळीकडे असे गृहीत धरलेले दिसते की 'काही माहीत नाही' म्हटले म्हणजे तुम्ही कोणाच्याच बाजूने उभ्या राहत नाही. पण तेही एक विधान आहे आणि त्याखाली सही तुमची असणार आहे. उद्या बागेतून फिरणाऱ्या कुत्र्यांचा, फासक्यांचा किंवा त्या बंदुकीचा दुसरीकडून उलगडा झाला तर खोटे बोललेली व्यक्ती म्हणून तुमचेच नाव कागदावर राहील, आणि ज्यांच्यासाठी तुम्ही गप्प राहिलात त्यांना त्या वेळी स्वतःचीच चिंता असेल. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, प्राणी आहे. त्याच्या शिकारीसाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. फासकी डुकरासाठी लावली होती, हे सांगूनही फार उपयोग होत नाही, कारण या कायद्याच्या व्याख्येत 'शिकार' म्हणजे केवळ गोळी घालणे नाही. फासे लावणे, सापळा लावणे, विष घालणे, हाका घालून जनावर उठवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे शिकारच ठरते, आणि रानडुक्करही दुसऱ्या अनुसूचीत संरक्षित आहे.

जबाबाला जाण्यापूर्वी एक वही घ्या आणि तीन पाने वेगळी करा. डोळ्यांनी पाहिले ते एका पानावर, कोणी सांगितलेले ऐकले ते दुसऱ्यावर आणि मनात नुसता संशय आहे ते तिसऱ्यावर. फासकी लावताना तुम्ही कोणाला पाहिले आहे का, की 'वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे' एवढ्यावरच तुमची खात्री उभी आहे? जे पाहिले ते सांगायचे, जे ऐकले ते 'ऐकले' म्हणूनच सांगायचे आणि संशय म्हणजे माहिती नसते, हे स्वतःशी पक्के करायचे. जबाब मराठीत लिहिला आहे ना, हे पाहा. तो पूर्ण वाचल्याशिवाय आणि जागा कोरी राहिली असेल तर ती रेघ मारून बंद केल्याशिवाय सही करू नका. घरी आलेल्या वाट्याचा उल्लेख मात्र मी येथे मुद्दाम करते. रानडुकराचे मांस बाळगणे हाही गुन्हा आहे, आणि ते तुम्ही न मागता आले असले तरी त्याबद्दल काय आणि कसे सांगायचे, हे वकिलाशी बोलल्याशिवाय ठरवू नका. वकिलाशी बोलण्यासाठी दोन दिवसांची मुदत लेखी मागितली तर त्यात वावगे काही नाही.

'जमीन तुमची, तर जबाबदारीही तुमचीच' हे खात्याच्या माणसाचे बोलणे अर्धेच खरे आहे. सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही. मात्र आपल्या जमिनीत फासक्या लागतात हे माहीत असून चालू दिले, तर साहाय्य केल्याचा आरोप होऊ शकतो, कारण गुन्ह्याला प्रोत्साहन देणे हाही या कायद्याने गुन्हाच मानला आहे. म्हणून आजपासून तुमची परवानगी नाही, हे कोठेतरी लेखी असले पाहिजे. वनपरिक्षेत्र कार्यालयाला आणि ग्रामपंचायतीला एक साधे पत्र द्या: गट क्रमांक अमुक या माझ्या जमिनीत शिकारीसाठी शिरण्यास, फासकी, गावठी बॉम्ब किंवा विजेची तार लावण्यास मी कोणालाही परवानगी दिलेली नाही आणि यापुढे देणार नाही, बागेची पाहणी करून उरलेल्या फासक्या काढून न्याव्यात. या पत्रात कोणाचे नाव लिहायची गरज नाही. पूर्वापार चालत आलेला 'इथून आमची वाट आहे' हा दावा अशा पत्राने मोडतो आणि तुमचे म्हणणे कोणा एकाविरुद्ध न जाता सर्वांना सारखे लागू होते.

फासकीबद्दल मी इतक्या आग्रहाने का लिहिते, ते सांगते. माझ्या माहेरच्या गावी मी दहा-बारा वर्षांची असताना शेजारच्यांचा कुत्रा तीन दिवस सापडत नव्हता. चौथ्या दिवशी आम्ही मुले करवंदे काढायला गेलो आणि तो दिसला. मोटरसायकलच्या क्लचची जुनी वायर, एका टोकाला सरकगाठ, दुसरे टोक ऐनाच्या कोवळ्या झाडाच्या बुंध्याला बांधलेले, आणि गाठ जमिनीपासून गुडघाभर उंचीवर झुडपातल्या पायवाटेत. वायर त्याच्या कमरेत गेली होती. सुटायच्या धडपडीत तो त्या झाडाभोवती इतका फिरला होता की बुंध्याची साल चारही बाजूंनी सोलली गेली होती आणि भोवतालची माती खळ्यासारखी गुळगुळीत झाली होती. फासकी लावणारा माणूस वाईट नव्हता. आमच्या घरी नांगरणीला येणाराच होता. त्याने ती डुकरासाठी लावली आणि बघायला यायचे राहून गेले. फासकीत डुक्करच अडकेल असे कोणीही सांगू शकत नाही, आणि काजूच्या हंगामात त्याच पायवाटेने बोंडे वेचणारी मुले जातात.

तुमच्या पत्रातले दुसरे गृहीत असे आहे की पारधीला जाणारी मंडळी तुमच्या पिकाची राखण करतात. हे खरे असेलही, पण एकदा कालनिर्णय समोर ठेवून ताडून पाहा. कळप शेतात कधी उतरतात? भात पोटरीला येते, दाणा दुधात असतो तेव्हा, म्हणजे भाद्रपद-आश्विनात. आणि कुत्री घेऊन बागेत मंडळी कधी येतात? तुम्हीच लिहिले आहे की वाटा आला तो शिमग्याच्या आधी. दिवाळीनंतर गवत वाळते, रान उघडे पडते, हाका घालणे सोपे जाते आणि पारध तेव्हा होते. त्या वेळी तुमच्या शेतात राखण्यासारखे काही उभे नसते. माघात मारलेले डुक्कर पुढच्या भाद्रपदात येत नाही, असा युक्तिवाद कोणी करील आणि तो अगदीच चुकीचा नाही. परंतु डुकरीण एका वेताला साधारण चार ते सहा पिल्ले देते, आणि पारधीत मान असतो तो एकांड्या, मोठ्या सुळ्यांच्या नराला. शेत तुडवणारा कळप मात्र माद्यांचा आणि पिल्लांचा असतो. तेव्हा गेल्या भाद्रपदात, ज्या रात्री तुमचे शेत तुडवले गेले, त्या रात्री राखणीला कोण आले होते, याचे उत्तर तुम्हीच स्वतःला द्या. ते दीर असतील, तर त्यांचे उपकार मोठे आहेत आणि त्यांच्याशी बोलताना ते आधी बोलून दाखवा.

आणि पारध म्हणजे निव्वळ गुन्हेगारी, असे मी म्हणणार नाही. कित्येक गावांत ती देवाच्या आणि सणांच्या चालीरीतींत गुंफलेली आहे. वाट्यांची पद्धत पाहा: कुत्र्याच्या मालकाला, बार टाकणाऱ्याला, हाका घालणाऱ्या पोरांना आणि घरात पुरुष माणूस नसलेल्या बाईलाही त्यात जागा असते. तुमच्या घरी आलेला वाटा त्यातलाच आहे आणि त्यातली आपुलकी खरी आहे. जुनी माणसे म्हणतात, 'आमच्या बापाकडे शिकारीचा परवाना होता', तेही खोटे नाही. १९७२ च्या कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होतेच; ते १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाले. म्हणजे ज्यांची उमेद रानात गेली, त्या पिढीच्या डोळ्यांदेखत, त्यांना न विचारता, त्यांचा एक अधिकार गुन्हा ठरला. माधव गाडगीळ यांच्यासारख्या, पश्चिम घाटाचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञाने हा कायदा शेतकऱ्यांवर अन्याय करणारा आहे आणि वन्यप्राण्यांचे व्यवस्थापन स्थानिक लोकांच्या हाती असावे, अशी भूमिका जाहीरपणे मांडली. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी सहमत नसलेल्या माणसालाही शेतकऱ्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही, ही त्यातली वेदना नाकारता येत नाही. मलाही येत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न अधिकाराचा आहे. आपल्याकडे रानटी जनावर जमिनीच्या मालकाचे नसते; ते शिकारीत पडले तर कायद्याने शासनाची मालमत्ता ठरते, मग ते जंगलात पडो की तुमच्या वाफ्यात. दुसरीकडे असेच असते असे नाही. जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडलेला आहे. छोटे शेतकरी तेथे एकत्र येऊन तो हक्क शिकाऱ्याला भाडेपट्ट्याने देतात आणि डुकरांनी पीक नासवले तर त्याची भरपाई बहुधा त्या शिकाऱ्यालाच करावी लागते. तेथे शिकारीची हौस आणि पिकाचे नुकसान एकाच माणसाच्या हिशेबात येतात. तुमच्या वाडीत वाटे एकीकडे पडतात आणि नुकसान तुमच्या एकटीच्या वाट्याला येते. ती पद्धत येथे आणता येईल असे मी सुचवत नाही, पण 'आम्ही तुमच्यासाठीच मारतो' हे वाक्य पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा हा हिशेब मनात असू द्या.

अधिकार मुळीच नाही, असेही मात्र नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये, उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झालेल्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी अधिकृत अधिकारी देऊ शकतो, अशी तरतूद आहे, आणि महाराष्ट्रात रानडुक्कर व रोही (नीलगाय) यांच्या बाबतीत हे काम वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर आणलेले आहे. भात पोटरीला येण्याची वाट न पाहता आताच कार्यालयात जाऊन सध्या लागू असलेल्या शासन निर्णयाची प्रत मागा. अर्जात गट क्रमांक, पिकाचे नाव, नुकसानीच्या तारखा आणि छायाचित्रे असू द्या. परवानगीला अटी असतात. जनावर कोठे मारायचे, कोणत्या परवानाधारकाने मारायचे आणि मेल्यानंतर कोणाला कळवायचे, हे सारे ठरलेले असते, आणि त्यात वाट्यांना जागा नसते. यजमानांची बंदूक ठाण्यात गेल्याशिवाय हा अर्ज करू नका, नाहीतर पहिलाच प्रश्न 'बार कोण टाकणार' हा येईल आणि उत्तर देताना तुम्ही अडखळाल. आणखी एक गैरसमज दूर करते: 'अंगावर आले म्हणून मारले' हा बचाव कायद्यात आहे, पण आधीच बेकायदा शिकारीला निघालेल्या माणसाला तो मिळत नाही, हेही तेथेच लिहिलेले आहे.

केरळने २०२२ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार तेथे थेट पंचायतीच्या प्रमुखांना दिला गेला आणि बार टाकण्याचे काम परवानाधारक बंदूकधाऱ्यांकडे आले. मला ही वाट विचार करण्याजोगी वाटते, कारण कोणी, कोठे, किती जनावरे मारली, याची गावातच नोंद राहते आणि रानाची माहिती असलेल्या माणसांचे कसब उजेडात कामाला येते. याउलट, संपूर्ण प्रदेशासाठी प्राणी 'उपद्रवी' घोषित करून बाहेरचे नेमबाज आणण्याचा मार्ग बिहारने धरला. २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात काही दिवसांत दोनशेहून अधिक रोही मारले गेले, त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांचे मतभेद चव्हाट्यावर आले आणि शेतकऱ्याचा प्रश्न त्या वादात बाजूलाच राहिला.

आता भरपाई. 'त्या तुटपुंज्या पैशांसाठी कोण हेलपाटे घालणार' असे तुम्ही लिहिले आहे. ती तुटपुंजी असते, हे खरेच आहे. ताडोबाच्या पश्चिम हद्दीवरील शेतांत, जंगलापासूनच्या अंतराप्रमाणे प्रत्यक्ष उत्पन्न मोजून पाहणारा एक अभ्यास पुण्याच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. नजरेने पाहून केलेल्या पंचनाम्यात खऱ्या नुकसानीचा मोठा भाग सुटून जातो, असे त्यातून दिसले. तुम्हाला हे अभ्यासाशिवायही ठाऊक आहे: डुक्कर लोंबी चघळून पेंढा टाकते, चुड (भाताच्या रोपांचा झुबका) उभाच राहतो आणि बांधावरून पाहणाऱ्याला शेत हिरवेगार दिसते. म्हणून पंचनाम्याच्या वेळी माणसांना बांधावर उभे न ठेवता वाफ्यात उतरवा, चुड हातात घेऊन रिकाम्या लोंब्या दाखवा आणि कोणत्या वाफ्यात गेल्या वर्षी किती मण भात झाले होते, ते लेखी द्या. अर्जाची मुदत अगदी मोजक्या दिवसांची असते, तेव्हा नुकसान दिसले त्याच सकाळी फोटो काढून अर्ज करा. पैसे कमी मिळाले तरी हा अर्ज वाया जात नाही, कारण परवानगी मागताना, कुंपणाची योजना मागताना आणि ग्रामसभेत बोलताना हेच कागद तुमच्या बाजूने बोलतात. तुमच्या वाडीतून एकाही नुकसानीचा अर्ज गेलेला नसेल, तर खात्याच्या दप्तरी तुमच्या वाडीत डुकरे नाहीतच.

कुंपणाचे बोलायचे तर सौरऊर्जेवर चालणारे झटका यंत्र भातशेतीपुरते पुष्कळ उपयोगी पडते. खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी आणि तिला गवत टेकू देता कामा नये, नाहीतर झटका गवतातच जिरतो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणासाठी अनुदान मिळते. तुमचे गाव त्यात बसते का, हे त्याच कार्यालयात विचारा. वीजवाहिनीवरून तारेत करंट सोडायचा सल्ला कोणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या तारेला चिकटून गावोगावी माणसे मेली आहेत.

यंत्राने सर्व भागत नाही, हेही तितकेच खरे. माझे आजोबा मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपीत, निजत. शेताच्या चार कोपऱ्यांत बांबूला रॉकेलचे रिकामे डबे टांगलेले असत, प्रत्येक डब्यात एक दगड आणि सगळ्यांच्या दोऱ्या त्यांच्या उशाशी आणून बांधलेल्या. झोपेतच ते एकेक दोरी ओढत. त्यांच्या वेळी शेजारच्या प्रत्येक मांगरात असे कोणीतरी निजलेले असे. आज त्यातली निम्मी शेते ओसाड पडली आहेत, मालक मुंबईला आहेत, सातबाऱ्यावर वीस-वीस नावे आहेत आणि बांधापर्यंत झुडपे वाढली आहेत. डुकरांना दिवसा दडून बसायला दूरच्या जंगलात जावे लागत नाही. तुमच्या शेजारची पडीक जमीन त्यांना पुरते. गणपतीला चाकरमानी गावी येतील. त्या चार-आठ दिवसांत शेजारच्या पडीक जमिनींच्या मालकांना गाठून, निदान तुमच्या बांधालगतचे दहा-पंधरा हातांचे रान बेणण्याची लेखी संमती घ्या. मुंबईत बसून हे वाचणाऱ्या जमीनमालकांनाही माझे हेच सांगणे आहे: आपल्या पडीक जमिनीत कोण शिरते आणि तेथे काय लावले जाते, याची चौकशी करा आणि शेजारच्या बाईला रान साफ करायला नकार देऊ नका.

राहता राहिले दीर. त्यांच्याशी बोलताना बिबट्यापासून सुरुवात करू नका. बंदुकीपासून करा आणि 'आपल्या दोघांच्याही जिवाला घोर आहे' असेच सांगा, कारण ते खरे आहे. जबाबात तुम्ही काय सांगणार आहात, हेही त्यांना आधी कळू द्या. ते मागून कळण्यापेक्षा समोरून कळलेले बरे. ते रागावतील. वाडीतल्या एखाद्या कार्याचे बोलावणे येणार नाही, हळदीकुंकवाला दोन घरे कमी येतील. हे घडणारच नाही असे खोटे आश्वासन मी देणार नाही. पण त्यांच्यापुढे एक वाटही ठेवा: रानाची त्यांच्याइतकी माहिती गावात कोणाला नाही, तेव्हा या प्रकरणातून ते निर्दोष बाहेर पडले, तर त्यांनी स्वतःच्या नावाने पीकसंरक्षणाचा परवाना मागावा आणि तुमच्या परवानगीच्या अर्जात त्यांचे नाव असावे. प्रकरणात त्यांचाच हात निघाला तर हे शक्य होणार नाही, आणि तो भार तुमच्या जबाबाचा नसून त्या वायरीचा असेल, हे मनाशी धरून ठेवा.

खात्याच्या माणसांनाही शत्रू समजू नका. एका वनरक्षकाकडे कित्येक गावे असतात. तो राखणीला येऊ शकत नाही, पण ग्रामसभेला येऊ शकतो. जैवविविधता व्यवस्थापन समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. तुमच्याकडे ती कागदावरच असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारून तिची बैठक मागा आणि त्या बैठकीला परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने, परवानाधारक बंदूकवाल्यांनी आणि नुकसान झालेल्या शेतकऱ्यांनी एकत्र बसावे, असा ठराव मांडा. बायकांनी तेथे बोलायची पद्धत नसेल तर आणखी दोघींना बरोबर घेऊन जा. भात त्यांचेही गेले आहे.

पोटरी यायला अजून तीन-चार आठवडे आहेत. या आठवड्यात वकील आणि बंदूक, त्यानंतर जबाब, आणि गणपती येण्यापूर्वी परवानगीचा व कुंपणाचा अर्ज, हा क्रम मोडू नका. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत बरोबर न्या आणि तिच्यावर तारीख, सही आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका.